कारागृहांचे खासगी व्यवस्थापन व त्यावरील बंदी

बंद्यांना कोठडीत ठेवणे, त्यांच्यावर पहारा देणे व शिस्त राखणे ही कामे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे कराराने सोपवण्याची पद्धत. काही देशांनी व राज्यांनी ती कायद्याने बंद केली. वऱ्हाडात ही पद्धत आलीच नाही. अमरावतीचे मध्यवर्ती कारागृह, अकोल्याचे जिल्हा कारागृह आणि मोर्शीचे खुले कारागृह राज्याच्या कारागृह विभागाच्या ताब्यात आहेत.

वऱ्हाडच्या इतिहासात मात्र एक गंमत आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये निजामाने हा अख्खा प्रांत वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात ब्रिटिशांना कायमच्या पट्ट्याने दिला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. प्रांत पट्ट्याने गेला, तुरुंग मात्र सरकारी खात्याकडेच राहिले.

त्या खात्याचा पाया १८९४चा कारागृह अधिनियम. बंद्यांसाठी जागा पुरवण्याची जबाबदारी त्याचे कलम ४ सरकारवर टाकते. कलम ६ प्रत्येक तुरुंगाला अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी व तुरुंगाधिकारी नेमायला सांगते. कंपनीला बंदी घालणारे कलम त्यात शोधून सापडत नाही. कायदा करणाऱ्यांना धास्ती होती ती स्वतःच्या नोकरांची. कलम ९ नुसार तुरुंगाच्या कर्मचाऱ्याने बंद्याशी पैशाचा वा विक्रीचा व्यवहार करायचा नाही आणि कलम १० नुसार तुरुंगाच्या पुरवठ्याच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा आडून हितसंबंध ठेवायचा नाही. धान्याचा ठेका बाहेरच्याला देता येतो, किल्ल्या देता येत नाहीत, असा या कलमांचा एकत्रित अर्थ लावता येईल. पुढे राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने कारागृहे राज्य सूचीत (नोंद ४) घातली. म्हणून ठेका देण्याचा किंवा त्यावर बंदी आणण्याचा कायदा करायचा झाल्यास तो प्रथमतः मुंबई-नागपूरच्या विधिमंडळाचा विषय ठरतो.

परदेशांत आधी कंपन्या आल्या आणि बंदी मागाहून आली. अमेरिकेत १९८३ मध्ये टेनेसी राज्यात पहिली मोठी तुरुंग-कंपनी निघाली. इलिनॉयने १९९० मध्येच अशा तुरुंगांना मनाई केली. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा करून नवे करार थांबवले, पण स्थलांतरितांना डांबणारी केंद्रे केंद्र सरकारची असल्याने तेथे हा कायदा लागू करता येणार नाही, असे अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवले. न्यूझीलंडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे २००४ च्या कायद्याने खासगी व्यवस्थापन संपवले, ऑकलंडचा तुरुंग २००५ मध्ये सरकारने परत घेतला. सत्ता पालटल्यावर संसदेने २००९ मध्ये तीच वाट पुन्हा मोकळी केली. २०१५ मध्ये माउंट ईडन तुरुंगात बंद्यांच्या आपसातल्या झुंजींची चित्रफीत बाहेर आली आणि सरकारला पुन्हा कारभार हाती घ्यावा लागला. साध्या बहुमताने केलेली बंदी साध्या बहुमताने उठते.

इस्रायलमध्ये त्यामुळेच न्यायालयाचा मार्ग अधिक टिकाऊ ठरला. खासगी तुरुंगाला परवानगी देणारी दुरुस्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये रद्द केली. तुरुंग बांधून तयार होता. एकाही बंद्याला त्रास झाल्याचा पुरावा नव्हता. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने माणसाला डांबणे हाच त्याच्या स्वातंत्र्यावरचा व प्रतिष्ठेवरचा अधिकचा आघात, असे न्यायालयाने मानले.

महाराष्ट्रात १८९४चा कायदा बाजूला सारण्यासाठी विधिमंडळाने डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयक मंजूर केले. केंद्राचा २०२३ चा आदर्श अधिनियम त्यामागे आहे. विषय राज्याचा असल्याने तो केवळ नमुना, बंधनकारक नाही.