कतञ्ञुता

कतञ्ञुता (संस्कृत कृतज्ञता) : बौद्ध ध्यानपरंपरेतील पालि संज्ञा. ‘कत’ म्हणजे केलेले, ‘ञू’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले याची जाण. मंगलसुत्तात आदर, नम्रता व संतोष यांच्या पंक्तीत ती येते. अंगुत्तरनिकाय दोन प्रकारची माणसे जगात दुर्मिळ मानतो : आपण होऊन उपकार करणारा, आणि ‘कतञ्ञू-कतवेदी’, म्हणजे उपकार जाणणारा व ती जाण प्रकट करणारा. मराठीतही ‘जाण ठेवणे’ वेगळे आणि ‘उतराई होणे’ वेगळे. ध्यानात ज्या ‘सति’वर (सजगतेवर) भर असतो, तिचाही मूळ अर्थ स्मरण असाच आहे, त्यामुळे कृतज्ञता ही सजगतेला बाहेरून लावलेली जोड नव्हे.

परंपरेतील याचे सर्वांत बोलके चित्र बोधगयेचे आहे. ज्ञानप्राप्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात बुद्ध ज्या झाडाखाली बसले होते, त्याच्याकडे कृतज्ञतेने, पापणी न लववता पाहत उभे राहिले, अशी कथा आहे. ती जागा आज अनिमेषलोचन चैत्य म्हणून दाखवतात.

महाराष्ट्रात ही संज्ञा विपश्यना शिबिरांतून अनेकांच्या कानी पडली. ही शिबिरे भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन (१८९९–१९७१) हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. विपश्यना भारतातून ब्रह्मदेशात आली, तेव्हा हे ऋण भारताला परत केले पाहिजे, असे ते म्हणत. लेखापालालाच सुचावी अशी ही भाषा. १९६९ मध्ये गोएंकांनी भारतातील पहिले शिबिर मुंबईत घेतले आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभे राहिले. मग उलटे ऋण फेडायचे होते. मुंबईजवळ गोराई येथील ग्लोबल विपश्यना पॅगोडा ब्रह्मदेशाविषयीच्या कृतज्ञतेपोटी, यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोडाच्या धर्तीवर बांधला गेला. २००९ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आतल्या घुमटाला एकही खांब नाही आणि खाली सुमारे ८,००० माणसे ध्यानाला बसू शकतात.

शिबिराची रचनाही याच तत्त्वावर आहे. दहा दिवसांच्या राहण्याजेवणाचे पैसे आकारत नाहीत आणि किमान एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय कोणाचे दानही घेत नाहीत. पहाटे चारच्या घंटेला उठलेला नवा साधक सकाळी अकराला ताट घेऊन जेवायला बसतो, तेव्हा त्या ताटातला भात कोणा अनोळखी माणसाने आधीच देऊन ठेवलेला असतो. प्रवचनातल्या उपदेशापेक्षा ही व्यवस्था अधिक शिकवते.

पाश्चात्त्य मानसशास्त्रात हा विषय वहीवर आला. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककलॉ यांच्या २००३ च्या प्रयोगांपैकी एकात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल आपण कृतज्ञ आहोत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा हा गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळला. नंतरच्या संशोधनात परिणाम माफकच दिसले. जॉन कबात-झिन यांनीही १९७९ मध्ये सुरू केलेल्या आपल्या सजगता-अभ्यासक्रमाच्या सात मूलभूत वृत्तींत पुढे कृतज्ञता व औदार्य यांची भर घातली. यादीची वही सोपी आहे, पण तिच्यात बहुधा ‘कतवेदी’ गळतो : मला काय मिळाले एवढेच उरते.

ही उणीव जपानच्या ‘नाइकान’ पद्धतीत नाही. योशिमोतो इशिन (१९१६–८८) यांनी जोदो शिन पंथातील अन्नपाणी व झोप वर्ज्य करणारी एक खडतर साधना सौम्य करून ती घडवली. साधक आठवडाभर खोलीच्या कोपऱ्यात, घडीच्या पडद्याआड बसतो. बहुधा आईपासून सुरुवात करून, आयुष्याचा एकेक टप्पा घेत तो तीन प्रश्नांची उत्तरे आठवतो : तिच्याकडून मला काय मिळाले? मी तिला काय दिले? मी तिला कोणता त्रास दिला? उत्तरे शक्य तितकी नेमकी हवीत. ‘तिने माया केली’ चालत नाही, तापात रात्रभर कपाळावर पट्टी ठेवली, असे सांगावे लागते. मार्गदर्शक दर एकदोन तासांनी पडद्यापाशी येतो, नमस्कार करतो, ऐकून घेतो आणि जातो. तिने मला कोणता त्रास दिला, हा चौथा प्रश्न मुद्दामच ठेवलेला नाही. त्याचे उत्तर प्रत्येकाला तोंडपाठ असते.