घरचें अंथरूण कीं आरोग्यधाम?

क्षयाचें निदान झालें कीं पूर्वीं घरांत रोग्याची ताटवाटी वेगळी होई, आणि ज्यांची ऐपत असे ते त्याला दूर सॅनिटोरियममध्यें धाडीत. ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरानें सायलेशियांतील गोर्बर्सडोर्फ येथें आरोग्यधाम काढलें. तेव्हांपासून सुमारें शंभर वर्षें मोठमोठे धन्वंतरी हेंच सांगत आले कीं, विश्रांति, सकस अन्न व शुद्ध हवा यांवांचून क्षय हटत नाहीं. स्ट्रेप्टोमायसीन, पॅस आणि पुढें १९५२ सालीं आयसोनियाझिड हीं औषधें हातीं आल्यावरहि ही श्रद्धा ढळली नाहीं.

परंतु हिंदुस्थानांत रोगी लाखांनीं मोजावे लागत आणि खाटा हजारांनीं! मग बाकीच्यांनीं काय करावें?

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठीं १९५६ सालीं मद्रास येथें एक संशोधन-केंद्र निघालें. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे सूत्रधार. त्यांनीं शहरांतील गरीब वस्त्यांमधून १९३ रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें, केवळ यदृच्छेनें, त्यांचे दोन वर्ग पाडले. एका वर्गास तांबरमच्या आरोग्यधामांत ठेवलें. दुसऱ्यास त्याच्याच कोंदट खोलींत, बायकामुलांसह, राहूं दिलें. आयसोनियाझिड व पॅस हीं औषधें मात्र दोघांसहि वर्षभर सारखींच.

जुनी श्रद्धा खरी ठरती, तर चिठ्ठीनें घरीं राहिलेल्यांचा तो घातच झाला असता. हें धाडस निर्दय होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं; कारण चिठ्ठी टाकली नसती तरी देशांतील बहुसंख्य रोग्यांच्या वांट्यास खाट येणार नव्हतीच. शिवाय घरच्या रोग्यांस वाऱ्यावर सोडलें नव्हतें. केंद्राचे लोक अवचित घरीं जाऊन उरलेल्या गोळ्या मोजीत व औषध खरोखर पोटांत गेलें कीं नाहीं हें मूत्रपरीक्षेनें ताडून पाहात.

१९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामांतील शेकडा ९२ रोग्यांचा रोग वर्षअखेर निवळला होता. घरच्यांपैकीं शेकडा ८६ जणांचा. एवढ्याशा अंतरावरून आरोग्यधामाचा पक्ष सिद्ध होईना. तेथील रोग्यांस अन्न चांगलें मिळालें, विश्रांति मिळाली, त्यांचें वजनहि अधिक वाढलें. पण जंतूंच्या नाशांत त्या अन्नाचा व विश्रांतीचा फारसा वांटा दिसला नाहीं. काम औषधानें केलें होतें. १९६२ पासून देशभर सुरू झालेला क्षयनिवारणाचा कार्यक्रम घरीं राहून घ्यावयाच्या औषधांवरच उभारला गेला, तो या आधारावर.

एक भीति तरीहि उरली होती: घरच्या मुलांमाणसांचें काय? केंद्रानें दोन्ही वर्गांतील कुटुंबांवर पांच वर्षें नजर ठेवली. रोगी ज्या घरांत राहिला तेथील माणसांत क्षय अधिक आढळला नाहीं. जीं माणसें बाधित झालीं, त्यांतील बहुतेकांस संसर्ग घडला होता तो उपचारापूर्वीं, म्हणजे घरांत कोणास रोगाची शंकाहि आली नव्हती त्या दिवसांत.