चेरीचे झाड आणि ओना जज

१/९ लहानग्या जॉर्ज वॉशिंग्टनने नव्या कुऱ्हाडीने वडिलांच्या आवडत्या चेरीच्या झाडावर घाव घातले, वडिलांनी विचारताच अपराध कबूल केला आणि शाबासकी मिळवली. ही कथा महाराष्ट्रातही अनेकांनी बालपणी ऐकली आहे. खरे बोलण्याची महती सांगणाऱ्या या कथेला मात्र पुराव्याचा आधार नाही.

२/९ वॉशिंग्टनचे निधन १४ डिसेंबर १७९९ रोजी झाले. धर्मोपदेशक व पुस्तकविक्रेता असलेल्या मेसन वीम्सने लगोलग १८०० मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात ही कथा नव्हती. ती अवतरली १८०६ च्या पाचव्या आवृत्तीत. वीम्सने आधार दिला तो एका अनाम वृद्धेचा.

३/९ तरीही शाळांनी ती उचलून धरली, कारण नव्या प्रजासत्ताकाला नागरिक घडवायचे होते. मुलांना स्वदेशाचा इतिहास शिकवावा, असा आग्रह नोआ वेब्स्टरने आधीच धरला होता. १८३६ पासून निघालेल्या मॅकगफीच्या वाचनमालेत ही कथा आली. त्या मालेच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

४/९ कथेबरोबर काय गळाले, हे महत्त्वाचे. वडील वारले तेव्हा जॉर्ज अकरा वर्षांचा होता. वारशात त्याला दहा गुलाम मिळाले. १७९९ मध्ये त्याच्या माउंट व्हर्नन या जहागिरीवर ३१७ गुलाम राबत होते.

५/९ राष्ट्राध्यक्ष असताना त्याचा मुक्काम फिलाडेल्फियात होता. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानुसार, बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तेथे राहिल्यास स्वातंत्र्य मागू शकत असे. म्हणून मुदत भरण्यापूर्वीच गुलामांना राज्याबाहेर पाठवले जाई. हे अशा निमित्ताने व्हावे की गुलामांना आणि जनतेलाही खरा हेतू कळू नये, अशी सूचना वॉशिंग्टनने एप्रिल १७९१ मध्ये आपल्या चिटणिसाला पत्राने दिली.

६/९ त्याच घरात ओना जज ही मार्था वॉशिंग्टनची दासी होती. मार्थाच्या नातीला आपण भेट म्हणून दिल्या जाणार, हे तिला समजले. मे १७९६ मध्ये घरातील मंडळी जेवायला बसली असताना ती निघून गेली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथला पोहोचली. तेव्हा ती सुमारे बावीस वर्षांची होती.

७/९ तिला पकडून आणणाऱ्यास दहा डॉलर देण्याची जाहिरात वृत्तपत्रात झळकली. फरारी गुलामांना परत मिळवण्याचा हक्क मालकांना देणाऱ्या १७९३ च्या कायद्यावर वॉशिंग्टनचीच सही होती. तिला परत आणण्याचे प्रयत्न तो हयात असेपर्यंत चालले. ते फसले.

८/९ वॉशिंग्टनने मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्तीची तरतूद केली, हेही तितकेच खरे. ओना मात्र मार्थाच्या पहिल्या पतीच्या मिळकतीत मोडत होती. त्यामुळे १८४८ मध्ये मरेपर्यंत ती कायद्याच्या लेखी फरारीच राहिली.

९/९ चेरीच्या कथेशेजारी १७९१ चे पत्र, १७९६ ची जाहिरात आणि मृत्युपत्र ठेवले, की वर्गातील मुलांना प्रश्न पडतात: हे कोणी लिहिले, कशासाठी, आणि कोणाला वगळून? ओनाची बाजूही उपलब्ध आहे. १८४५ मध्ये वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत, पळून आल्याचा पश्चात्ताप नाही, असे तिने सांगितले. वॉशिंग्टनच्या घरी तिला कोणतेही शिक्षण मिळाले नव्हते. वाचायला ती शिकली, ती तेथून निसटल्यावर.