मॉर्मन पंथातील स्त्रिया

जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या मॉर्मन पंथात स्वर्गीय पित्याबरोबर स्वर्गीय मातेचेही अस्तित्व मानले जाते. तथापि तिची प्रार्थना केली जात नाही आणि पौरोहित्य, म्हणजे धर्मविधी करण्याचा व संघ चालविण्याचा अधिकार, पुरुषांकडेच राहतो. १८४२ मध्ये नॉव्हू येथे स्थापन झालेल्या रिलीफ सोसायटी या स्त्रीसंघटनेची पहिली अध्यक्षा स्मिथची पत्नी एमा होती. पंथातील बहुपत्नीत्वाला तिचाच विरोध होता, हे लक्षणीय आहे. १८५२ मध्ये युटात जाहीर झालेली ही प्रथा स्त्रीदास्य म्हणून देशभर निंदिली जात असतानाच तेथील स्त्रियांना १८७० मध्ये मताधिकार मिळाला. मताच्या बळावर त्या बहुपत्नीत्व झुगारतील, ही बाहेरच्या सुधारकांची अटकळ खोटी ठरली आणि अमेरिकी काँग्रेसने १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने हा मताधिकार काढून घेतला. १८९० मध्ये चर्चने नव्या बहुपत्नीविवाहांची मान्यता रद्द केली व १८९६ मध्ये राज्याच्या दर्जाबरोबर मताधिकारही परतला. त्याच वर्षी अँगस कॅनन याची चौथी पत्नी, डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन, पती प्रतिपक्षाचा उमेदवार असताना निवडून येऊन अमेरिकेतील पहिली महिला राज्य-सिनेटर झाली. विसाव्या शतकात मात्र चर्चने समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला विरोध केला आणि तिची समर्थक सोनिया जॉन्सन हिला १९७९ मध्ये बहिष्कृत केले.