गुपिताची वाटणी

तिजोरीची किल्ली कोणाकडे ठेवावी, हा वाद युनियनच्या कचेरीत आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहो. एकाकडेच ठेवावी, तर तो आजारी पडतो, क्वचित फितूरही होतो. सर्वांना एकेक नक्कल द्यावी, तर चोराला तितकी दारे मोकळी. हाच पेच गणितज्ञांपुढेही होता.

इस्रायलचे आदी शमीर यांनी १९७९ साली त्यावर अवघ्या दोन पानांचा निबंध लिहिला. (अमेरिकेत ब्लॅकली यांनीही त्याच वर्षी, स्वतंत्रपणे, निराळी रीत सांगितली.) शमीर आरंभी एक जुने कोडे देतात. शास्त्रज्ञ अकरा, कपाट एक. कोणतेही सहा हजर असले तरच ते उघडावे. साध्या कुलपांनी हे साधायचे तर कुलुपे लागतात ४६२ आणि प्रत्येकाजवळ किल्ल्या २५२! एवढा जुडगा कमरेला लावून मीटिंगला कोण येणार?

शमीर यांची युक्ती शाळकरी भूमितीची आहे. फळ्यावर एक उभी रेघ काढा. तिला छेदणारी दुसरी तिरपी रेघ काढा. ती जेथे छेदते तेथली उंची, हेच आपले गुपित. आता तिरप्या रेघेवरचा एकेक बिंदू एकेकाला द्या आणि ती रेघ पुसून टाका. एका बिंदूतून वाटेल तितक्या रेघा जातात. म्हणून एकट्याला काहीच कळत नाही. दोघे भेटले की रेघ एकच, गुपित उघड. तिघांची अट हवी असल्यास सरळ रेघेऐवजी वक्र घ्यावी. चिठ्ठी फाडून तुकडे वाटावेत, तसे हे नव्हे. तुकड्यावर चार अक्षरे तरी दिसतात, येथे अपुऱ्या वाट्यांतून एक अक्षरही हाती लागत नाही. आज संगणकाच्या प्रणाली ही आकडेमोड क्षणात करतात.

परंतु किती जणांची अट घालावी, हे गणित सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे. गुप्तलेखनाच्या संशोधकांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. २०२५ साली तिच्या निवडणुकीत मतपेटी संगणकातली होती आणि तिची किल्ली तीन विश्वस्तांत वाटलेली होती. दोघांनी संगनमत करून कोणाचे मत पाहू नये, म्हणून तिघेही हवेत असा नियम होता. भीती खोटी नव्हे. आम्हीही तीच धरली असती. पण एकाच्या हातून त्याचा वाटा कायमचा हरवला आणि मतपेटी कोणालाच उघडेना. या विद्येतले जाणते लोक स्वतःच्याच कुलपाबाहेर उभे राहिले! निवडणूक रद्द करून मतदान पुन्हा घ्यावे लागले. आणि या खेपेस तिघांपैकी कोणतेही दोघे पुरेत, असे ठरविण्यात आले.