रॅमची निवड (डेस्कटॉप संगणक)

डेस्कटॉप संगणकाची कार्यकारी स्मृती, म्हणजेच रॅम, वाढवताना किंवा बदलताना त्या यंत्रात चालणारी पट्टी निवडणे. पट्टी चालणार की नाही, हे मदरबोर्ड आणि प्रोसेसर ठरवतात. पट्टीवरचा ब्रँड, तिची रंगीत पत्र्याची झाकणे आणि दिवे यांचा त्याच्याशी संबंध नाही. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली रॅम हाताळणारा स्मृतिनियंत्रक प्रोसेसरच्या आत आणला. तेव्हापासून एकाच बोर्डावर प्रोसेसर बदलला, तर रॅमचा वेगही बदलू शकतो.

पहिली अट पिढीची. डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पट्ट्यांना २४० पिना असतात, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांना २८८. पिना सारख्या असल्या तरी प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे चुकीची पट्टी बसत नाही, आणि जोर लावून बसवू पाहिल्यास स्लॉट फुटतो. व्होल्टेजही वेगळे: डीडीआर३ला १.५, डीडीआर४ला १.२, डीडीआर५ला १.१. एएमडीचे एएम४ सॉकेट डीडीआर४चे, एएम५ फक्त डीडीआर५चे. इंटेलच्या २०२१मधल्या बाराव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही चालवतात. तिथे बोर्डावर कुठले स्लॉट आहेत ते पाहूनच खरेदी करावी. कार्यालयांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप बहुधा लॅपटॉपची आखूड पट्टी घेतात, हे झाकण उघडेपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही.

खरी फसगत जुन्या डीडीआर३ यंत्रांत होते. इंटेलच्या एच६१ चिपसेटचे बोर्ड अजूनही अनेक घरांत आणि दुकानांत चालू आहेत. त्यावर सहसा दोनच स्लॉट असतात आणि मर्यादा १६ जीबीची, म्हणजे प्रत्येकी ८ जीबीच्या दोन पट्ट्या. बाजारात डीडीआर३ची ८ जीबीची एक फार स्वस्त पट्टी मिळते. दिसायला ती नेहमीसारखीच, पण ती इंटेलच्या यंत्रात चालू होत नाही. कारण तिच्या चिपा चार बिट रुंदीच्या असतात आणि इंटेलचे डेस्कटॉप स्मृतिनियंत्रक आठ किंवा सोळा बिटांच्याच चिपा ओळखतात. विक्रेता ‘एएमडीसाठी’ असे बारीक अक्षरांत लिहितो, किंवा लिहीतही नाही.

म्हणून स्टिकर वाचावा. ‘८जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००यू’ असे लिहिले असेल, तर ‘२आर’ म्हणजे दोन रँक, म्हणजेच चिपांचे दोन गट, आणि ‘एक्स८’ म्हणजे आठ बिटांच्या चिपा. ‘एक्स४’ दिसल्यास इंटेलवाल्याने ती पट्टी ठेवून द्यावी. ‘३एल’ म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी डीडीआर३, ती १.५ व्होल्टवरही चालते. १२८०० हा आकडा सेकंदाला मेगाबाइटचा आहे. त्याला आठाने भागले की १६०० हा वेग मिळतो. शेवटचा ‘यू’ साध्या डेस्कटॉपचा. तिथे ‘आर’ असेल तर पट्टी सर्व्हरची. ती कितीही स्वस्त असली तरी घरच्या बोर्डावर निरुपयोगी.

वेगाबाबत विनाकारण काळजी केली जाते. १६००ची पट्टी इंटेलच्या दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरला लावली, तर ती १३३३ने चालते, बिघडत काही नाही. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्यास दोन्ही कमी वेगाने चालतात. उलट, ३६००ची डीडीआर४ पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी (पट्टीतच साठवलेली वेगाची मांडणी) चालू केल्याशिवाय सहसा तो वेग गाठत नाही. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये ३२००च्या पट्टीसमोर १६०० दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नये. घड्याळाच्या एका ठोक्यात डीडीआर दोनदा डेटा पाठवते आणि तो प्रोग्रॅम ठोके मोजतो.

दोन पट्ट्या लावल्या की रॅम आणि प्रोसेसर यांना जोडणारे दोन चॅनेल एकत्र काम करतात. ज्यांच्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे, त्यांना याचा फायदा सर्वांत जास्त जाणवतो. चार स्लॉट असल्यास बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट भरतात. डीडीआर५मध्ये मात्र चारही स्लॉट भरणे महागात पडते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार पट्ट्यांचा ३६००. पुढे वाढवायचे असेल तरी सुरुवातीलाच दोन मोठ्या पट्ट्या घेणे चांगले.

खरेदीपूर्वी विंडोजच्या टास्क मॅनेजरमधल्या मेमरी पानावर वेग आणि भरलेले स्लॉट पाहावेत, आणि बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरची तपासलेल्या पट्ट्यांची यादीही. विंडोज ३२-बिट असेल तर सर्वसाधारण आवृत्तीत ४ जीबीपलीकडची रॅम वाया जाते. पट्टी बसवल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम एक पूर्ण फेरी चालवावा. एकही चूक दिसली तर पट्टी परत करावी. डीडीआर५चे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेव्हा बोर्ड वेळांची जुळवणी करत असतो, बटण दाबून वीज तोडू नये.