शुभवर्तमान

मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेल्या येशूचरित्राला मराठीत ‘शुभवर्तमान’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘एवांगेलिऑन’. ‘एव’ म्हणजे चांगले, ‘आंगेलिया’ म्हणजे निरोप. हा शब्द आधी राजसत्तेचा होता. आजच्या तुर्कस्तानातील प्रिएने येथे इ.स.पू. 9च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसच्या जन्मासाठी तो कोरलेला आहे. पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी तोच शब्द नासरेथच्या एका सुताराला वाहिला. केवढे धैर्य हे!

मराठीत ‘वर्तमान’ म्हणजे बातमी. जुन्या पत्रांत ‘वर्तमान कळले’ असे येते, आणि ‘वर्तमानपत्र’ तर रोजचेच. पण धातू आहे ‘वृत्’, म्हणजे असणे, चालू राहणे. ‘वृत्त’ आणि ‘वार्ता’ त्याच कुळातले. मला आपला शब्द मूळ ग्रीकपेक्षा जवळचा वाटतो, तो याच कारणाने. कालची बातमी आज शिळी होते. हे वर्तमान वाचणाऱ्याच्या आजमध्ये घडत राहते. दुःखाने खचलेला माणूस डोंगरावरचे प्रवचन उघडतो, तेव्हा शोक करणाऱ्यांना धन्य म्हणणारा तो आवाज थेट त्याच्याशीच बोलतो.

पंडिता रमाबाईंना हे पुरते उमगले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. सामान्य बायकांना ते समजायला हवे होते. 1922मध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर 1924मध्ये छापून आले.